टॅगांचा पसारा आणि फाइलीचा आकार

तारेने निरोप पाठविण्याची सेवा भारतात १५ जुलै २०१३ पासून बंद झाली. तारेचे मूल्य शब्दांच्या संख्येवर ठरत असल्याने तार लिहिणारा मनुष्य शब्द मोजूनमापून वापरीत असे. काटकसरीचे दोन मार्ग त्याला मोकळे होते. पहिला मार्ग शब्द गाळण्याचा. 'प्रकृती गंभीर, निघा' एवढेच लिहिले, की कोणाची प्रकृती आणि कोणी निघावयाचे, हे वाचणाऱ्याने अंदाजाने ठरवावयाचे. दुसरा मार्ग शुभेच्छांच्या तारांचा. दिवाळी, विवाह, परीक्षेतील यश अशा प्रसंगांसाठी ठरावीक वाक्यांची क्रमांकवार यादीच तारखात्याने करून ठेवलेली होती. पाठविणाऱ्याने नुसता क्रमांक द्यावयाचा. पलीकडच्या कचेरीत त्या क्रमांकाचे संपूर्ण वाक्य उतरवून घेतले जाई. पहिल्या मार्गाने पैसे वाचत, पण अर्थही कमी होई. दुसऱ्या मार्गाने पैसे वाचत आणि अर्थाचे एक अक्षरही हरवत नसे.

संगणकात माहिती साठविण्याच्या व एका संगणकाकडून दुसऱ्याकडे धाडण्याच्या कामी आज हेच दोन मार्ग पुन्हा समोर उभे राहतात. जमिनीचे अभिलेख, पर्जन्यमापनाच्या नोंदी, करदात्यांची विवरणपत्रे अशी लक्षावधी नोंदींची माहिती कोणत्या रचनेत ठेवावी, याचा निर्णय करताना फाइलीचा आकार हा मुद्दा सर्वांत आधी पुढे येतो. प्रत्येक मूल्याभोवती नावाचे टॅग गुंडाळणारी रचना अवाढव्य दिसते, नुसत्या स्वल्पविरामांनी मूल्ये वेगळी करणारी रचना सुटसुटीत दिसते, आणि निर्णय तेथेच होऊन जातो. परंतु फायली सामान्यतः दाबून, म्हणजे संकोचन करून, ठेवल्या व पाठविल्या जातात. संकोचनानंतर हा हिशेब पुष्कळच बदलतो. तो कसा बदलतो, हे नीट पाहिल्याशिवाय केलेली काटकसर ही पहिल्या प्रकारच्या तारेसारखी ठरण्याचा संभव असतो.

एकच नोंद, चार वेष

मजकुराच्या भागांना नावे देऊन ती नावे मजकुरातच लिहिण्याची कल्पना जुनी आहे. आयबीएम कंपनीत चार्ल्स गोल्डफार्ब, एडवर्ड मोशर व रेमंड लॉरी यांनी १९६९ मध्ये तिला जीएमएल या नावाने रूप दिले. तिचीच सुधारलेली आवृत्ती १९८६ मध्ये एसजीएमएल म्हणून आंतरराष्ट्रीय मानक झाली, आणि त्या अवजड मानकाचे सुलभ रूप असलेल्या एक्सएमएलला फेब्रुवारी १९९८ मध्ये मान्यता मिळाली. त्यानंतर डग्लस क्रॉकफर्ड यांनी प्रचारात आणलेली जेसॉन ही आटोपशीर रचना लोकप्रिय झाली. आपल्याकडील प्राप्तिकर विवरणपत्रांचा प्रवासही असाच झाला. करनिर्धारण वर्ष २०२०-२१ पर्यंत ती एक्सएमएल रचनेत दाखल होत. २०२१-२२ पासून त्यासाठी जेसॉनचा स्वीकार करण्यात आला. सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामांनी मूल्ये विलग करणारी रचना, या सर्वांहून साधी व जुनी.

फरक किती, हे पाहण्यासाठी पर्जन्यमापनाची एक नोंद नमुन्यादाखल घेता येईल. केंद्र महाबळेश्वर, दिनांक १५ जुलै २०२४, पाऊस ८४ मिलिमीटर. यातील पावसाचा आकडा केवळ उदाहरणासाठी कल्पिलेला आहे. एक्सएमएलमध्ये टॅगांची नावे देवनागरीतही लिहिता येतात. तेव्हा ती नोंद अशी होईल :

<नोंद><केंद्र>महाबळेश्वर</केंद्र><दिनांक>१५-०७-२०२४</दिनांक><पाऊस>८४</पाऊस></नोंद>

हीच मूल्ये टॅगाच्या आत गुणविशेष म्हणून लिहिली, तर बंद करणारे टॅग वाचतात :

<नोंद केंद्र="महाबळेश्वर" दिनांक="१५-०७-२०२४" पाऊस="८४"/>

जेसॉनमध्ये :

{"केंद्र":"महाबळेश्वर","दिनांक":"१५-०७-२०२४","पाऊस":"८४"}

आणि सीएसव्हीमध्ये :

महाबळेश्वर,१५-०७-२०२४,८४

(जेसॉनमध्ये संख्या ही संख्या म्हणून लिहावयाची तर आंतरराष्ट्रीय अंकच चालतात, देवनागरी अंक अवतरणचिन्हांत, मजकूर म्हणून, घालावे लागतात.) सध्या सर्वत्र रूढ असलेल्या यूटीएफ-८ या संकेतपद्धतीत देवनागरीतील प्रत्येक चिन्हास, म्हणजे अक्षर, काना, मात्रा, हलन्त, अंक यांपैकी प्रत्येकास, तीन बाइट लागतात, स्वल्पविराम, कंस, संयोगचिन्ह यांस एक. त्या हिशेबाने वरील चार रूपांचे आकार अनुक्रमे २०२, १३७, १२९ व ६४ बाइट होतात. चारहींमधील खरी मूल्ये ६२ बाइटांचीच आहेत. पहिल्या रूपात उरलेले १४० बाइट, म्हणजे जवळजवळ सात-दशांश भाग, टॅगांनी व्यापला आहे. अशा दहा हजार नोंदींची फाइल एक्सएमएलमध्ये सुमारे २० लाख बाइटांची, तर सीएसव्हीमध्ये साडेसहा लाखांच्या आतबाहेर होईल. तिपटीहून अधिक अशी ही तफावत पाहूनच एक्सएमएलवर उधळपट्टीचा आरोप होतो, आणि येथवर तो खरा आहे.

'कित्ता' लिहिण्याची युक्ती

क्लॉड शॅनन यांनी १९४८ मध्ये माहितीचे गणिती शास्त्र मांडले, तेव्हा एक गोष्ट स्पष्ट झाली. निरोपाची लांबी आणि निरोपातील माहिती या दोन वेगळ्या बाबी आहेत. जे पुढे येणार हे आधीच ठाऊक आहे, ते लिहिल्याने लांबी वाढते, माहिती वाढत नाही. <केंद्र> हा टॅग पहिल्यांदा येतो तेव्हा तो काहीतरी सांगतो. दहा-हजाराव्या वेळी तो जवळजवळ काहीच सांगत नाही. संकोचनाचे तंत्र नेमके हे अधिक असलेले काढून घेते, आणि हवे तेव्हा जसेच्या तसे परत देते.

या तंत्राची सर्वांत प्रचलित पद्धत इस्रायलमधील अब्राहम लेंपेल व याकोव झिव्ह या दोघा शास्त्रज्ञांनी १९७७ साली प्रसिद्ध केली. जुन्या हिशेबी वह्यांत एकाखाली एक तेच नाव येऊ लागले म्हणजे 'कित्ता' असे लिहून काम भागविण्याचा परिपाठ होता. लेंपेल-झिव्ह पद्धत हाच कित्ता अधिक काटेकोरपणे लिहिते. मजकूर वाचता वाचता पूर्वी येऊन गेलेला एखादा तुकडा पुन्हा भेटला, की तो पुन्हा न लिहिता 'इतके बाइट मागे जा आणि तेथून इतके बाइट उतरून घे' असे दोन आकडे लिहिले जातात. त्यानंतर डेव्हिड हफमन यांनी विद्यार्थिदशेत असताना शोधून काढलेल्या व १९५२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पद्धतीने हे आकडे व उरलेली अक्षरे आणखी आखूड केली जातात. जे वारंवार येते त्याला आखूड संकेत, जे क्वचित येते त्याला लांब, असे तिचे सूत्र आहे. या दोहोंच्या संयोगाला डिफ्लेट असे नाव आहे. झिप फायली, जाँ-लू गायी व मार्क अ‍ॅडलर यांचा १९९२ पासूनचा जीझिप हा कार्यक्रम, पीएनजी चित्रे, या सर्वांच्या पोटात डिफ्लेटच काम करते. शब्दलेखनाच्या ज्या डॉक्स किंवा ओडीटी फायली कचेऱ्यांतून दररोज तयार होतात, त्यादेखील झिपने दाबलेल्या एक्सएमएल फायलीच असतात. वापरणाऱ्यास त्यांतील टॅगांचा पत्ताही लागत नाही.

आता वरील नोंदीकडे पुन्हा पाहावे. महाबळेश्वर केंद्राच्या १५, १६, १७ जुलै अशा ओळीने नोंदी आहेत असे धरले, तर तिसऱ्या नोंदीपासून पुढे प्रत्येक वेळी खरोखर नवे असे दोनच तुकडे येतात : दिनांकाचा शेवटचा अंक आणि पावसाचा आकडा. बाकीचे सर्व जसेच्या तसे मागे येऊन गेलेले असते. एक्सएमएलमध्ये आदल्या पावसाच्या आकड्यानंतर बंद होणाऱ्या टॅगापासून नव्या दिनांकाच्या पहिल्या अंकापर्यंत सलग १३८ बाइट तेच असतात. त्या सर्वांसाठी एक कित्ता पुरतो. पुढे महिना, वर्ष आणि पावसाचा टॅग मिळून ५५ बाइटांसाठी दुसरा कित्ता. जेसॉनमध्ये हेच तुकडे ८३ व ३८ बाइटांचे होतात. सीएसव्हीमध्ये ३५ व २१ बाइटांचे. म्हणजे तिन्ही रचनांत दर नोंदीमागे कित्ते दोनच. '१३८ बाइट उतरून घे' आणि '३५ बाइट उतरून घे' या दोन सूचना लिहिण्यास लागणाऱ्या जागेत डिफ्लेटच्या नियमानुसार दोन-चार बिटांचाच फरक पडतो. (आठ बिटांचा एक बाइट होतो.) दोन्ही कित्ते व त्यांची अंतरे धरूनही एक्सएमएलचा जादा भार दर नोंदीमागे ढोबळ मानाने एका बाइटाहून कमी भरतो. १३८ बाइटांचा मूळ फरक असा एका बाइटाच्या आत येऊन बसतो.

उदाहरण मुद्दाम सोपे घेतले आहे, हे मान्य करावयास हवे. प्रत्यक्षात केंद्राचे नावही दर ओळीस बदलू शकते, मूल्ये अनियमित असतात, काही रकाने रिकामे असतात. मूल्य बदलले की कित्ता तुटतो, आणि त्यापुढच्या टॅगांसाठी नवा कित्ता लिहावा लागतो. सीएसव्हीमध्ये त्या जागी एक स्वल्पविराम, म्हणजे बाइटाहूनही कमी, पुरतो. एक्सएमएलमध्ये दोन-एक बाइटांचा कित्ता लागतो. दहा-वीस रकान्यांच्या नोंदीत ही बेरीज जाणवण्याइतकी होते. म्हणून दाबलेली एक्सएमएल फाइल दाबलेल्या सीएसव्ही फाइलीहून सामान्यतः काहीशी मोठीच राहते. पण तिपटीची तफावत जाऊन काही टक्क्यांची उरते, आणि एवढ्याशासाठी रचना बदलावी काय हा प्रश्न वेगळा होतो. वाचनाच्या सोयीसाठी ओळींच्या आरंभी सोडलेली मोकळी जागा तर संकोचनात जवळजवळ फुकट जाते. ती काढून टाकण्याचा आटापिटा कित्येक ठिकाणी केला जातो. त्यातून हाती फारसे लागत नाही.

मजकूर टॅगांऐवजी गद्याने भरलेला असेल, तर मात्र चित्र निराळे दिसते. इंग्रजी विकिपीडियाच्या ३ मार्च २००६ च्या एक्सएमएल प्रतीतील पहिले दहा कोटी बाइट हा संकोचनाच्या कार्यक्रमांची परीक्षा घेण्याचा एक मान्य नमुना आहे. जीझिप तो ३,६४,४५,२४८ बाइटांवर आणते, बीझिप-२ हा कार्यक्रम २,९०,०८,७५८ बाइटांवर. टॅगांनी गच्च भरलेल्या सारणीवजा फायली दहापट लहान होताना दिसतात. येथे तिपटीच्या आसपासच मजल थांबते. माणसाने लिहिलेल्या वाक्यांत नवे काही सांगितलेले असते, आणि ते दाबता येत नाही.

आठवणीची मर्यादा

टॅगांचा पसारा पूर्णपणे फुकट पडतो, असे मात्र म्हणता येणार नाही. डिफ्लेट ही पद्धत मागे पाहते ती ३२,७६८ बाइटांपर्यंतच. त्यापलीकडे गेलेला मजकूर तिच्या दृष्टीने विस्मरणात जमा होतो. आपल्या नमुन्यातील एक्सएमएल नोंद २०२ बाइटांची असल्याने या आठवणीत १६२ नोंदी मावतात. सीएसव्हीच्या, ओळ संपल्याची खूण धरून, ५०४ मावतात. समजा, तीनशे केंद्रांचा पाऊस रोज त्याच क्रमाने नोंदला जातो, आणि नोंदींची सरासरी लांबी नमुन्याइतकीच आहे. प्रत्येक केंद्राचे नाव बरोबर तीनशे नोंदींनी परत येईल. सीएसव्हीमध्ये हे अंतर १९,५०० बाइट, म्हणजे आठवणीच्या आत. एक्सएमएलमध्ये ते ६०,६०० बाइट, आठवणीच्या बाहेर. तेथे केंद्राचे नाव रोज नव्याने लिहिले जाईल. जेसॉनही ३९,००० बाइटांवर जाऊन मर्यादा ओलांडते. टॅग स्वतः स्वस्तात सुटतात, पण मूल्यांची आठवण ते ढकलून बाहेर काढतात. नुसती मूळ आकारांची तुलना करणाऱ्याच्या हे लक्षातही येत नाही.

यावर उपाय दोन. एक, मोठ्या आठवणीची पद्धत वापरावयाची. २०१६ मध्ये खुली झालेली झेड-स्टँडर्ड किंवा त्याआधीची एक्सझेड यांची आठवण कित्येक मेगाबाइटांपर्यंत जाते, आणि वरील अडचण नाहीशी होते. दुसरा उपाय त्याहून स्वस्त : नोंदींचा क्रम बदलावयाचा. दिवसवार मांडणीऐवजी केंद्रवार मांडणी केली, की एका केंद्राचे नाव लागोपाठच्या ओळींत येते व कोणतीही पद्धत ते सहज पकडते. एक्सएमएल की जेसॉन या वादात जेवढा वेळ जातो, त्याच्या दशांश वेळात क्रमाचा विचार केला तर अधिक जागा वाचण्याचा संभव असतो.

देवनागरीवरील जादा भार

मराठी मजकुराच्या बाबतीत आणखी एक तक्रार ऐकू येते. भारतीय मानक आयएस १३१९४ या १९९१ च्या संकेतपद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हास एकच बाइट लागे. 'महाबळेश्वर' दहा बाइटांत लिहिले जाई. यूटीएफ-८ मध्ये त्याच शब्दाला तीस बाइट लागतात, तर इंग्रजी अक्षराला एकच. हा भार मोजून पाहिला तर खराच आहे. परंतु तो कसला बनलेला आहे, हेही पाहावयास हवे. देवनागरीच्या तीन बाइटांपैकी पहिला बाइट सर्व चिन्हांसाठी एकच ठरलेला आहे. दुसऱ्यास दोनच पर्याय आहेत : संकेतावलीच्या पूर्वार्धातील चिन्हांसाठी एक, उत्तरार्धातील चिन्हांसाठी दुसरा. खरी ओळख पटविण्याचे काम मुख्यतः तिसरा बाइट करतो. म्हणजे येथेही जागा अडविणारी गोष्ट ही पुनरावृत्तीच आहे, आणि संकोचन तिचा पुष्कळसा भाग काढून घेते. वरील नमुन्यात १५ चे १६ होताना तीन बाइटांपैकी केवळ शेवटचा बदलतो; पहिले दोन कित्त्यातच सामावतात.

या तपशिलास व्यावहारिक महत्त्व आहे. विशिष्ट टंक बसविलेला असेल तरच वाचता येतील अशा मराठी फायली संगणकाच्या प्रारंभीच्या काळात मोठ्या प्रमाणावर तयार झाल्या. तो टंक नसलेल्या संगणकावर त्यांतील मजकूर निरर्थक इंग्रजी अक्षरांची रांग म्हणून दिसतो. त्या काळी दुसरा मार्गच नव्हता. आज मात्र जागेच्या बचतीचे कारण पुढे करून युनिकोड टाळणे कोणत्याही हिशेबात बसत नाही.

सजातीयांची पंगत

टॅगांकडे अडगळ म्हणून पाहण्याऐवजी त्यांचाच संकोचनासाठी उपयोग करून घेण्याची कल्पना हार्टमुट लिफके व डॅन सुचिउ यांनी २००० साली एक्समिल या कार्यक्रमाद्वारे मांडली. एक्सएमएलमधील टॅग मूल्याचा अर्थ सांगतात. तेव्हा सर्व दिनांक एका डब्यात, सर्व नावे दुसऱ्यात, सर्व आकडे तिसऱ्यात अशी वाटणी करून प्रत्येक डबा वेगळा दाबावा. दिनांकाशेजारी दिनांक आला की साम्य वाढते, आणि साम्य वाढले की आकार घटतो. ही पद्धत जीझिपच्या मानाने सामान्यतः दुप्पट संकोचन साधते, असे त्यांनी जवळजवळ तेवढ्याच वेगात करून दाखविले. त्यांच्या निष्कर्षांतील सर्वांत लक्षणीय भाग असा, की संगणकीय नोंदवहीचा साधा मजकूर एक्सएमएलमध्ये रूपांतरित करून आधी फुगविला आणि मग या रीतीने दाबला, तर तो मूळ मजकूर जीझिपने दाबल्यावर होतो त्याहूनही लहान होतो. अर्थ लिहून ठेवण्यासाठी खर्चिलेली जागा अशा रीतीने परत मिळाली.

हेच तत्त्व मोठ्या प्रमाणावर वापरले गेले ते ओपनस्ट्रीटमॅप या जगाच्या मुक्त नकाशाच्या कामी. इंग्लंडमध्ये २००४ साली सुरू झालेल्या या प्रकल्पाची माहिती आरंभापासून एक्सएमएलमध्ये आहे, आणि महाराष्ट्रातील रस्ते-गावेही तीत आहेत. संपूर्ण जगाची फाइल हाताळणे जड जाऊ लागल्यावर पीबीएफ नावाची वेगळी रचना तयार करण्यात आली. तीत साधारणतः आठ हजार बिंदू वा रेषा एका गठ्ठ्यात घेतात, सर्व अक्षांश एकत्र, सर्व रेखांश एकत्र ठेवतात, आणि प्रत्येक आकडा पुरता न लिहिता आधीच्या आकड्याशी असलेला फरक तेवढा लिहितात. नावांची एकदाच यादी करून पुढे केवळ क्रमांक देतात. शुभेच्छांच्या तारेचीच ही रीत. त्यानंतर गठ्ठा डिफ्लेटने दाबतात. प्रकल्पाने दिलेल्या माहितीनुसार ही फाइल जीझिपने दाबलेल्या एक्सएमएल फाइलीच्या सुमारे निम्मी, तर बीझिप-२ ने दाबलेल्या फाइलीहून सुमारे तीस टक्क्यांनी लहान होते. आकारापेक्षाही मोठा लाभ वेळेचा झाला : जीझिप केलेल्या एक्सएमएलच्या तुलनेत ती वाचण्यास सहापट कमी वेळ लागतो, असे प्रकल्पाचे सांगणे आहे.

हा वेळेचा मुद्दा बहुतेक तुलनांत निसटतो. दाबलेली फाइल वाचावयाची तर ती आधी उलगडावी लागते, आणि उलगडल्यावर २०२ बाइटांची नोंद पुन्हा २०२ बाइटांचीच होते. प्रत्येक टॅग उघडला केव्हा, मिटला केव्हा, हे संगणकाला तपासत जावे लागते. साठवणुकीत वाचलेली जागा वाचनाच्या वेळी स्मरणातून व वीजखर्चातून वसूल होते. बाहेरून आलेल्या दाबलेल्या फायली स्वीकारणाऱ्या कचेऱ्यांनी तर उलगडलेल्या आकारावर मर्यादा घालावयासच हवी. '४२ झिप' या नावाने प्रसिद्ध असलेली अवघ्या ४२ किलोबाइटांची एक खोडसाळ फाइल संपूर्ण उलगडल्यास साडेचार पेटाबाइटांची होते.

जेथे बाइट खरोखर मोजावे लागतात

लहान निरोपांचे अर्थशास्त्र वेगळे आहे. कित्ता लिहिण्यासाठी मागे काहीतरी असावे लागते; एकट्या नोंदीला मागचे काही नसते. शिवाय जीझिपची स्वतःची शीर्ष व अखेरची नोंदच निदान अठरा बाइट घेते. दोनशे बाइटांचा एकेक निरोप सुटा दाबून पाठविण्यात म्हणून फारसा लाभ नाही. अशा वेळी दोन्ही टोकांना आधीच शब्दसूची देऊन ठेवण्याची सोय झेड-स्टँडर्डमध्ये आहे. एक्सएमएलच्या मानकाचीच ईएक्सआय नावाची संक्षिप्त द्विमान आवृत्ती २०११ मध्ये मान्य झाली. विजेवर चालणारी मोटारगाडी व तिचे प्रभारण-केंद्र यांच्यातील संभाषणासाठी आयएसओ १५११८ या मानकात तिचाच वापर केलेला आहे.

आधारपत्रावरील चौकटी संकेताचे उदाहरण तर प्रत्येक घरात आहे. पूर्वीच्या क्यूआर संकेतात व्यक्तीची माहिती एक्सएमएल रूपात, गुणविशेषांची पूर्ण नावे देऊन, लिहिलेली असे. २०१८ मध्ये आलेल्या सुरक्षित क्यूआर संकेतात छायाचित्र व अंकीय स्वाक्षरी यांनाही जागा द्यावयाची होती. क्यूआर संकेताच्या सर्वांत मोठ्या प्रकारातही २,९५३ बाइटच मावतात. तेव्हा टॅग सोडून देऊन माहितीचे घटक केवळ एका ठरावीक बाइटाने विलग करण्यात आले, आणि तो सर्व मजकूर दाबून घालण्यात आला. घटकांचा क्रम व अर्थ वेगळ्या जाहीर दस्तऐवजात सांगितलेला आहे. जागा इतकी बांधीव असताना हा निर्णय योग्यच म्हणावा लागेल. मात्र तो दस्तऐवज हाताशी नसेल, तर त्या संकेतातील मजकुराचा अर्थ लावता येणार नाही, ही त्याची किंमत आहे.

गाळलेल्या शब्दांची किंमत

अभिलेखागारात वर्षानुवर्षे राहावयाच्या माहितीला ही किंमत परवडणारी नसते. नमुन्यातील सीएसव्ही ओळीत '८४' एवढेच आहे. ते मिलिमीटर की सेंटीमीटर, सकाळच्या मापाचे की दिवसाच्या बेरजेचे, हे ओळ सांगत नाही. पहिल्या ओळीत रकान्यांची नावे दिली तर काही भागते. परंतु फाइलीचे तुकडे होतात, मधलाच भाग कोणी उतरवून घेतो, एखादा रकाना मध्ये वाढतो, आणि नाव व मूल्य यांची ताटातूट होते. एखाद्या मूल्यातच स्वल्पविराम आला व अवतरणचिन्हे द्यावयाची राहिली, तर त्यापुढची सर्व मूल्ये एकेक घर सरकतात. आणि आकडे आकड्यांसारखेच दिसत असल्याने चूक वर्षानुवर्षे उघडकीस येत नाही. याउलट प्रत्येक पावसाच्या टॅगात एकक="मिमी" असे लिहिले, तर मूळ फाइल दर नोंदीस आणखी २५ बाइटांनी फुगेल; दाबलेल्या फाइलीत त्याची बहुधा दखलही जाणवणार नाही, कारण तो मजकूर शेजारच्या टॅगाबरोबर त्याच कित्त्यात जातो.

तुलना करावयाची असेल तर ती स्वतःच्या माहितीवर करणे हाच खात्रीचा मार्ग आहे. तीच माहिती, तीच संकेतपद्धती, तोच क्रम ठेवून प्रत्येक रचनेच्या फायली तयार कराव्यात. शंभर नोंदींच्या, दहा हजारांच्या आणि दहा लाखांच्या अशा वेगवेगळ्या आकारांत त्या दाबून पाहाव्यात. दाबण्याचा व उलगडण्याचा वेळही टिपून ठेवावा. शंभर नोंदींवर काढलेला निष्कर्ष दहा लाखांवर टिकेलच असे नाही. हे काम एखाद्या दुपारचे आहे आणि त्यासाठी लागणारे सर्व कार्यक्रम विनामूल्य उपलब्ध आहेत.

दाबलेल्या फायली दीर्घकाळ जपताना एक सावधगिरी मात्र घ्यावी लागते. साध्या मजकुरातील एक बाइट बिघडला तर एक अक्षर चुकते. दाबलेल्या फाइलीत पुढचे कित्ते मागच्या मजकुरावर अवलंबून असल्याने एका बाइटाच्या बिघाडाने त्यापुढचा सर्व भाग हातचा जाऊ शकतो. जीझिप आपल्या अखेरीस मजकुराची तपासबेरीज ठेवते, त्यामुळे बिघाड कळतो, पण दुरुस्त होत नाही. बीझिप-२ मजकुराचे जास्तीत जास्त नऊ लाख बाइटांचे स्वतंत्र ठोकळे करते आणि त्यांपैकी शाबूत राहिलेले ठोकळे वेगळे काढण्याचा कार्यक्रमही सोबत देते. म्हणून अभिलेखांच्या फायली वर्षवार किंवा तालुकावार वेगळ्या दाबाव्यात आणि त्यांच्या प्रती निदान दोन ठिकाणी ठेवाव्यात. या विभागणीमुळे संकोचन किंचित कमी होते. दहा हजार नोंदींच्या फाइलीत तो फरक काही किलोबाइटांपलीकडे जात नाही.